दूध संकलनाच्या टेबलात एन्ट्र्या डबल पडल्यात, संध्याकाळच्या संकलनाच्या आत निस्तरायचंय

करवीरचा_ऑपरेटर · दुपारी ३:१२

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, चुकलं तर समजून घ्या.

आमच्या गावच्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मीच करतोय, पीएचपी (प्रोग्रामची भाषा) आणि मायएसक्यूएल ८ (डेटाबेस), सगळं सेक्रेटरींच्या टेबलावरच्या एका पीसीवर. गेल्या चार दिवसांपासून लाइव्ह चालू केलंय, सकाळ-संध्याकाळ धरून आठ सत्रं झाली, ८३८ एन्ट्र्या पडल्या, काय अडचण नाही. आज दुपारी म्हटलं जुना दोन वर्षांचा एक्सेलमधला डेटा पण आत घालून टाकू, म्हणजे सभासदाला मागचं काय पाहिजे ते काढून देता येईल. एकूण १,४८,२१२ ओळी. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) करून पीएचपीमध्ये लूप लावला, एक ओळ वाचायची, एक इन्सर्ट (टेबलात ओळ घालायची कमांड) मारायचा, पुढची ओळ.

६१,३४० व्या ओळीला एरर येऊन बंद पडलं. बघितलं तर एक सभासद मागच्या वर्षी संस्था सोडून गेलेला, त्याचा कोड सभासद टेबलात नाही, म्हणून फॉरेन कीनं (सभासद टेबलात नसलेला कोड न घेणाऱ्या नियमानं) अडवलं. त्याला हातानं सभासद टेबलात घातला आणि स्क्रिप्ट परत चालवली, आणि इथंच घोळ झाला, स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून सुरू झाली हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या वेळी मात्र शेवटपर्यंत गेली. सगळं धरून दीड तास गेला.

आता सेक्रेटरींनी सहज एक जुनं दहा दिवसांचं बिल काढून बघितलं तर लिटर डबल! अलीकडची बिलं बरोबर आहेत, जुनीच डबल आहेत. सेलेक्ट काउंट मारला (एकूण ओळी मोजल्या) तर २,१०,३८९ येतोय, पण शेवटचा आयडी (ओळीला आपोआप पडणारा नंबर) २,१०,३९० आहे, हा एकाचा फरक कुठनं आला तेबी कळेना. शिवाय सभासदांची मराठी नावं सगळी प्रश्नचिन्हं झालीत.

साडेपाचला संकलन सुरू होतंय, तेव्हा म्हशीवाले रांगेत उभे असणार. काय करू? टेबल रिकामं केलं तर लाइव्हच्या ८३८ जातील.

---

तांबडा_पांढरा · दुपारी ३:१९

भावा एक्सेलमध्ये चाललं होतं की सुखानं 😄

सोपं आहे, इन्सर्ट इग्नोर वापर आणि विषय संपव. डुप्लिकेट आलं की आपोआप सोडून देतं.

---

शिरोलीचा_डेटाबेसवाला · दुपारी ३:२८

तांबडा_पांढरा, आधी आग विझवू द्या, इग्नोरचं नंतर बघू. आत्ता डबल पडून बसलंय त्याला इन्सर्ट इग्नोर काय करणार, आणि टेबलावर युनिक कीच (तेच परत न घेणारा नियम) नसेल तर त्याला डुप्लिकेट कशाला म्हणायचं तेच कळत नाही, तेव्हा पुढंही तो सगळं गुमान आत घेणार.

करवीरचा_ऑपरेटर, घाबरू नका, तुमच्या आकड्यांतच सगळं उत्तर आहे. हिशोब बघा. लाइव्ह ८३८. पहिल्या वेळी ६१,३४० व्या ओळीला अडलं म्हणजे त्याआधीच्या ६१,३३९ आत गेल्या. दुसऱ्या वेळी पूर्ण १,४८,२१२. बेरीज करा, २,१०,३८९, तुमचा काउंट तंतोतंत. म्हणजे बाकी काही गडबड नाही, फक्त पहिल्या अर्धवट फेरीच्या एन्ट्र्या जास्तीच्या आहेत, आणि एक्सेल तारखेनं लावलेलं असणार म्हणून जुनी बिलं डबल आणि अलीकडची बरोबर.

एकाचा फरक आहे तो त्या अडलेल्या ओळीचा. इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवायचं इंजिन) एन्ट्री घालायच्या आधी ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणारा) नंबर फाडून देतो, मग फॉरेन कीनं ओळ नाकारली तरी तो नंबर परत पुस्तकात चिकटवत नाही. पावतीपुस्तकात एक पावती रद्द झाली की नंबर वाया जातो तसंच. बघा, तुमच्या टेबलात ६२,१७८ हा आयडी नसणार.

म्हणजे आयडी असे पडलेत: १ ते ८३८ लाइव्ह, ८३९ ते ६२,१७७ पहिली अर्धवट फेरी, ६२,१७८ गायब, ६२,१७९ ते २,१०,३९० दुसरी पूर्ण फेरी. उडवायची ती मधली पहिली फेरी. दुसरी पूर्ण आहे, तिला हात लावू नका.

पण माझ्या बेरजेवर विसंबून लगेच डिलीट मारू नका. आधी मायएसक्यूएलडंपनं अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप काढून पेनड्राइव्हवर घ्या. मग ८३८, ८३९, ६२,१७७, ६२,१७९ हे चार आयडी सेलेक्ट करून डोळ्यांनी बघा. ८३९ आणि ६२,१७९ या दोन्ही एन्ट्र्या सेम टू सेम पाहिजेत, दोन्ही एक्सेलची पहिली ओळ. जुळलं तरच पुढं.

---

करवीरचा_ऑपरेटर · दुपारी ३:४१

सर खरंच ६२,१७८ नाही!! आणि ८३९, ६२,१७९ एकच आहे, तारीख, कोड, लिटर, फॅट सगळं. बॅकअप काढला, दोन ठिकाणी ठेवला. आता डिलीट मारू का डायरेक्ट?

---

शिरोलीचा_डेटाबेसवाला · दुपारी ३:४६

डायरेक्ट नको. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर आहे म्हणून कमांडपण मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीत टाका:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
डिलीट फ्रॉम संकलन व्हेअर आयडी बिट्वीन ८३९ अँड ६२१७७;

मग थांबायचं. किती रो उडाले ते तो सांगतो, बरोबर ६१,३३९ आलं पाहिजे. मग काउंट मारा, १,४९,०५० यायला पाहिजे, म्हणजे ८३८ अधिक १,४८,२१२. दोन्ही जुळलं तर कमिट (बदल पक्का), एकानंही चुकलं तर रोलबॅक (सगळं पूर्ववत) आणि इथं येऊन सांगा.

एक बघून घ्या, टेबलचं इंजिन इनोडीबीच आहे ना. मायआयसॅम हे दुसरं इंजिन असेल तर रोलबॅक मारून काही परत येत नाही, तो एरर देत नाही, एक वॉर्निंग टाकतो आणि ती कोण बघतंय. आवृत्ती ८ आहे आणि तुमची फॉरेन की काम करतेय म्हणजे इनोडीबीच असणार, तरी बघा. आणि कमिटच्या आधी मध्येच आल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची कमांड) वगैरे काही मारू नका, त्यानं मायएसक्यूएल आपोआप कमिट करून टाकतं.

अजून एक महत्त्वाचं, बिलाच्या टेबलात कुठं या संकलन आयडींचा उल्लेख गेलाय का? म्हणजे जुनी बिलं नव्यानं काढून सेव्ह केलीत का?

---

करवीरचा_ऑपरेटर · दुपारी ३:५८

नाही सर, सेक्रेटरींनी फक्त स्क्रीनवर बघितलं होतं, सेव्ह नाही.

इनोडीबीच आहे. डिलीट ६१,३३९. काउंट १,४९,०५०. कमिट केलं. ते डबल दिसलेलं बिल उघडून बघितलं, लिटर बरोबर आलं, सेक्रेटरी म्हणाले आता चहा घ्या. जीव भांड्यात पडला राव.

एक शंका, आता मध्ये आयडीचा एवढा मोठा खड्डा पडलाय, परत १ पासून सलग करता येतील का?

---

मंगळवारपेठ_ताई · दुपारी ४:०७

सलग करायच्या नादाला अजिबात लागू नकोस. आयडी हा फक्त ओळ ओळखायला असतो, तो सलग असलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? सभासदाला पावतीवर नंबर सलग दिसायला पाहिजे असेल तर पावती नंबरचा वेगळा कॉलम कर, तो आपल्या हातात ठेव.

मी एका पतसंस्थेत सात वर्षं डेटा एन्ट्रीपासून सगळं केलंय, म्हणून सांगते, खरी चूक लूप परत चालवला ही नाहीच, माणूस परत चालवणारच. टेबलानं तुला परत घालू दिलं ही चूक. तीच ओळ दुसऱ्यांदा आली की टेबलानंच नको म्हटलं पाहिजे. संकलन टेबलावर युनिक की लाव: सभासद कोड, तारीख, सत्र, आणि गाय की म्हैस. एका सत्रात एका सभासदाची म्हशीच्या दुधाची एकच एन्ट्री, बरोबर ना?

---

करवीरचा_ऑपरेटर · दुपारी ४:१५

ताई तेच तर अवघड आहे. आमच्याकडं काही जणांच्या दोन किटल्या येतात. पोरगं पहिली किटली घेऊन येतं, मग अर्ध्या तासानं म्हातारा दुसरी घेऊन येतो, दोन्ही म्हशीच्याच, फॅट वेगळी लागते, दोन पावत्या निघतात. तुमची की लावली तर म्हाताऱ्याला परत पाठवावं लागंल, आणि मग तो माझं काय करंल ते सांगता येत नाही 😅

---

मंगळवारपेठ_ताई · दुपारी ४:२२

हा हा, बरोबर आहे तुझं, मला दुधातलं एवढं माहीत नव्हतं. मग बरं झालं मगाशी कुणी "सारख्या दिसणाऱ्यातली एक ठेवून बाकी उडव" असं सांगितलं नाही ते. दोन किटल्यांचं लिटर आणि फॅट चुकून सारखं आलं असतं तर खरी एन्ट्री गेली असती.

मग लाइव्हसाठी पावती नंबरवर युनिक की. तारीख, सत्र, पावती नंबर. पण जुन्या एक्सेलमध्ये पावती नंबर नसणार तुझ्याकडं, आणि तिथं तो नल (रिकामा) ठेवलास तर लक्षात ठेव, मायएसक्यूएल युनिक कीमध्ये नल कितीही वेळा घेतो. दोन नल त्याच्या लेखी सारखे नाहीतच. म्हणजे की लावलीय म्हणून तू निवांत, आणि जुना डेटा परत डबल.

---

शिरोलीचा_डेटाबेसवाला · दुपारी ४:३४

ताईंनी नलचं सांगितलं ते सोन्यासारखं, त्यात मी स्वतः एकदा पडलोय.

जुन्या डेटाला माझा उपाय असा: दोन कॉलम वाढवा, स्रोत फाइल आणि ओळ नंबर, आणि त्या दोघांवर मिळून युनिक की. एक्सेलची ४,५१२ वी ओळ जगात एकच आहे, ती दुसऱ्यांदा आली की टेबल १०६२ नंबरचा डुप्लिकेट एन्ट्री एरर देऊन हाकलून देणार. दोन किटल्या असल्या तरी त्या दोन वेगळ्या ओळी, त्यामुळं म्हाताराबी खूश. लाइव्ह एन्ट्र्यांना हे दोन्ही कॉलम नल राहतील, आणि इथं मात्र नल कितीही चालतात हे आपल्या सोयीचंच आहे, त्यांना पावती नंबरची की आहेच.

आता वेगाचं. दीड तास लागतोय कारण प्रत्येक इन्सर्ट हा स्वतंत्र व्यवहार होतोय. ऑटोकमिट चालू असलं की प्रत्येक ओळीनंतर मायएसक्यूएल लॉग डिस्कवर पक्का लिहून झाल्याची खात्री करून घेतो, आणि तुमच्या पीसीत साधी हार्डडिस्क असणार. दूध डेअरीतनं चिलिंग सेंटरला एकेक किटली वेगळ्या टेम्पोनं पाठवल्यासारखं आहे हे. सगळ्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, आणि एका इन्सर्टमध्ये एकच व्हॅल्यूज न देता हजारेक ओळी स्वल्पविराम देऊन जोडा:

इन्सर्ट इन्टू संकलन (तारीख, सत्र, सभासद_कोड, जनावर, लिटर, फॅट) व्हॅल्यूज (...), (...), (...);

कॉलमची नावं कंसात लिहायचीच, आळस करायचा नाही. नावं न देता नुसत्या व्हॅल्यूज टाकल्या आणि उद्या टेबलात एसएनएफचा (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कॉलम वाढवला की एक तर ११३६ चा एरर येणार, कॉलम आणि व्हॅल्यू जुळत नाहीत म्हणून, नाहीतर क्रम बदलला असेल तर त्याहून वाईट, एरर न येता फॅटच्या जागी लिटर जाऊन बसणार. एरर आलेला परवडतो.

आमच्याकडं फाउंड्रीत एसक्यूएल सर्व्हर आहे, तिथं एका व्हॅल्यूजमध्ये १००० ओळींच्या वर घेत नाही, मायएसक्यूएलमध्ये तशी ओळींची मर्यादा नाही, पॅकेटच्या साइजची आहे, आवृत्ती ८ मध्ये सर्व्हरला ६४ एमबी असते, तुमच्या हजार ओळी त्यात कुठल्या कुठं बसतील.

---

तांबडा_पांढरा · दुपारी ४:४०

बरं मग आता युनिक की लागली, आता तरी इन्सर्ट इग्नोर वापरू दे की त्याला 🙏

---

मंगळवारपेठ_ताई · दुपारी ४:४९

नको रे बाबा. इग्नोर नुसती डुप्लिकेट सोडत नाही, तो बऱ्याच एररच्या वॉर्निंग करून टाकतो. आज त्याला ज्या फॉरेन कीनं अडवलं ना, इग्नोर असता तर ती ओळ गुपचूप गाळली असती आणि त्या सोडून गेलेल्या सभासदाचं वर्षभराचं दूध हिशोबातनं गायब, कुणाला कळलंपण नसतं. मोठं नाव कॉलमात मावलं नाही तर कापून आत. चुकीची तारीख असेल तर शून्य तारीख आत. दुधाचं पैशाचं काम आहे, इथं बोंबलणारा डेटाबेस पाहिजे, गप्प बसणारा नको.

डुप्लिकेटचंच काय करायचं ते नेमकं सांगायचं असेल तर ऑन डुप्लिकेट की अपडेट आहे. मागं एकदा मी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम केलं, तिथं ९.५ पासून ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग मिळतं, त्यात कुठल्या कीवर टक्कर झाली तर सोडायचं ते लिहिता येतं, बाकीचे एरर एररच राहतात, ते मला जास्त आवडलं.

आणि मी तर म्हणते पीएचपीचा लूपच नको. कच्ची वही, पक्की वही ठेवतात तसं कर. एक कच्चं टेबल कर, सगळे कॉलम साध्या टेक्स्टचे, ना की ना काही. लोड डेटा लोकल इनफाइलनं सीएसव्ही जशीच्या तशी त्यात ओत, मिनिटभराचं काम. आवृत्ती ८ मध्ये लोकल इनफाइल मुळात बंद असतं, ते सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडं चालू करावं लागेल. लोकल लावलं की तोपण इग्नोरसारखाच चुका गिळतो, म्हणून तर थेट पक्क्या टेबलात नाही घालायचं.

मग कच्च्यावर बसून तपास. कुठले कोड सभासद टेबलात नाहीत ते लेफ्ट जॉइन लावून (दोन टेबलं एकमेकांशी जुळवून) आधीच काढ, म्हणजे ६१ हजाराव्या ओळीला दचकायला नको. कोड ००४७ होता तो एक्सेलनं ४७ केलाय का बघ, ती त्याची जुनी खोड आहे. तारखा तर नीटच बघ. एक्सेलमधून ०५/०३/२४ अशी आली असेल आणि तशीच घातलीस तर मायएसक्यूएल पहिल्या आकड्याला वर्ष समजतो, ५ मार्च २०२४ ची एन्ट्री २४ मार्च २००५ ला जाऊन बसते, आणि एररपण येत नाही कारण ती तारीख खरी आहेच. स्टर टू डेटनं फॉरमॅट सांगून फिरव. दर महिन्याचं एकूण लिटर कच्च्यातनं काढ आणि संस्थेच्या रजिस्टरातल्या आकड्याशी लावून बघ. सगळं जुळलं की मग एकच इन्सर्ट इन्टू संकलन, पुढं व्हॅल्यूज न देता सेलेक्ट फ्रॉम कच्चे टेबल. ती एक स्टेटमेंट आहे, गेली तर सगळी जाईल नाहीतर एकपण ओळ जाणार नाही.

---

करवीरचा_ऑपरेटर · दुपारी ४:५६

ताई तारखेचं वाचून पोटात गोळा आला. आत्ता बघितलं, २०२३ च्या आधीची एकपण तारीख नाही, एक्सेलमध्ये मी चार आकडी वर्ष करून घेतलं होतं, देवाची कृपा.

नावांचं तेवढं राहिलं. प्रश्नचिन्हं.

---

रंकाळा_कट्टा · सायंकाळी ५:०३

नावांचं मी सांगतो, दररोजचा धंदा आहे आमचा. सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथंच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डेटाबेसला शिव्या देऊ नका, एक्सेलनं सेव्ह करतानाच नावं खाल्लीत. सेव्ह अ‍ॅजमध्ये साधं सीएसव्ही नाही निवडायचं, वरती सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय असतो तो घ्यायचा. तुमचं मायएसक्यूएल ८ मुळात यूटीएफ८एमबी४ (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत) वरच असतं, मराठीला त्यात काही अडचण नाही, एका अक्षराला तीन बाइट लागतात एवढंच. पीएचपीच्या कनेक्शनलापण कॅरेक्टर सेट तोच द्या.

टेबलात प्रश्नचिन्ह पडलंय ते आता प्रश्नचिन्हच, त्यातनं नाव परत निघत नाही. विचित्र अक्षरांचा खिचडा दिसत असता तर कधी कधी उलटा फिरवून मिळतं. सभासद किती आहेत? शंभर-सव्वाशेच असतील ना, नवीन फाइलनं नावं अपडेट करा, इन्सर्ट नका मारू परत 😄 संकलनात फक्त कोड आहे, ते तसंच राहील.

आणि नाव स्ट्रिंगमध्ये जोडून क्वेरी बनवत असाल तर ते बंद करा, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि आतली माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) वापरा. आजऱ्याच्या एका संस्थेत डिसोझा आडनाव इंग्रजीत टाकलं, त्यातल्या उभ्या कॉमानं आमची क्वेरी मधनंच तुटली होती, तेवढ्यावर निभावलं, कुणी मुद्दाम काय टाकलं असतं तर टेबल गेलं असतं.

---

करवीरचा_ऑपरेटर · सायंकाळी ५:२१

नोटपॅडमध्येच प्रश्नचिन्हं होती!! यूटीएफ-८ नं सेव्ह करून ११२ सभासदांची नावं अपडेट केली, झकास मराठी दिसतायत. लूपवाली फाइल डिलीट करून टाकली, हात शिवशिवायला नको परत.

युनिक की रात्री संकलन संपल्यावर लावतो. दुसऱ्या फेरीच्या एन्ट्र्यांना ओळ नंबर कसा देऊ, आयडीतनं ६२,१७८ वजा केले की एक्सेलचा ओळ नंबर मिळतो ना?

---

शिरोलीचा_डेटाबेसवाला · सायंकाळी ५:२६

मिळतो, सीएसव्हीच्या हेडिंगची ओळ सोडून मोजायचं. स्क्रिप्ट चालली तेव्हा मध्ये दुसरं कुणी एन्ट्री करत नव्हतं म्हणून जमतंय हे, दरवेळी जमेल असं नाही. लावायच्या आधी मधल्या चार-पाच ओळी एक्सेलशी ताडून बघा. फॅटचा कॉलम फ्लोट (अंदाजे दशांश) ठेवलाय का डेसिमल (नेमका दशांश)?

---

करवीरचा_ऑपरेटर · सायंकाळी ५:२८

फ्लोट 🙈

पहिली किटली आली, येतो रात्री.